पाठ टेकल्यानंतर

माझ्या घरात एक परका पुरुष चार वर्षं राहिला आणि मला त्याला घालवता आलं नाही. तो युक्रेनचा होता. भोरला तो कधी आला नाही, येण्याचं त्याला कारणही नव्हतं. पण माझ्या मुलीच्या कपाटाच्या दारावर त्याचं चित्र चिकटवलेलं होतं, तिच्या मोबाईलवर तो सकाळ-संध्याकाळ असायचा, आणि जेवताना वरणाची वाटी माझ्याकडे सरकवता सरकवता ती त्याचंच काहीतरी सांगत असायची. त्याचं नाव मी कधी तोंडातून काढलं नाही. सुरुवातीला जमत नव्हतं म्हणून, नंतर हट्टानं. माझ्या आईनं माझ्या वडिलांचं नाव जन्मभर घेतलं नाही, ते मानापोटी. मी या माणसाचं घेतलं नाही ते निव्वळ जळफळाटापोटी, आणि तो लपवण्याइतकं शहाणपणही माझ्यात नव्हतं.

तो मुष्टियोद्धा होता, बॉक्सर. त्याच्या वजनगटातला जगज्जेता. मी भोरच्या एका सरकारी कचेरीत लिपिक. ही दोन माणसं एका पारड्यात कशी आली, असं कोणीही विचारेल. पण कचेरीत चिकटण्याआधी मी पैलवान होतो, आणि तिथंच सगळं दुखणं आहे.

माझं मूळ गाव वेल्हे तालुक्यात, विंझरच्या पुढे. तिथल्या तालमीत मी सात वर्षं अंगाला माती लावली. माझे दोन्ही कान मोडलेले आहेत. कुस्तीत कान घासून घासून सुजतात आणि तसेच घट्ट होऊन बसतात. कचेरीत नवा माणूस आला की आधी माझ्या कानांकडे बघतो आणि मग कामाचं बोलतो. मला ते आवडतं. मोठा पैलवान मी झालो नाही, हे आधीच सांगून टाकतो. जत्रांच्या फडात माझी कुस्ती दुपारी लागायची, मोठ्या कुस्त्या सुरू होण्याच्या बऱ्याच आधी. पण एका गोष्टीसाठी खोऱ्यात माझं नाव होतं. माझी पाठ टेकली की मी पंचाची वाट बघत नसे. स्वतः उठायचो, समोरच्याचा हात धरायचो आणि वर करायचो. लोक टाळ्या वाजवायचे. कधी कधी तर जिंकणाऱ्यापेक्षा मलाच जास्त पडायच्या. हरावं तर असं हरावं, म्हणायचे. ही आमच्या वस्तादांची शिकवण, असं मी सगळ्यांना सांगत आलो.

मुलगी पाच वर्षांची झाली तेव्हा मी गच्चीवर जुनी गादी टाकली आणि कचेरीतून आल्यावर रोज संध्याकाळी तिच्याशी कुस्ती खेळायला लागलो. मी तिला अलगद पाडायचो. “पाठ टेकली?” मी विचारायचो. “टेकली,” ती खिदळत म्हणायची. “मग काय करायचं?” म्हटलं की ती उठून माझा हात दोन्ही हातांनी धरून वर ढकलायची, पुरता पोचायचा नाही म्हणून गादीवर उड्या मारायची. कधी मी पडायचो आणि तिचा हात वर करायचो. बायको खालून चहा झाला म्हणून हाका मारून दमायची. दिवसातला तो तास माझा होता. त्यात कोणाची वाटणी नव्हती.

ती सोळाची झाली आणि बॉक्सिंगला जायला लागली. किकवीला महामार्गालगत एका जुन्या गोदामात एक सर शिकवत. पहाटे मी तिला स्कूटरवरून सोडायचो, दोन तास बाहेर बाकावर बसायचो आणि परत आणून कचेरीत जायचो. मला वाटलं, बरंच झालं, कुस्ती नाही तर नाही, झुंजणं तर माझंच घेतलंय. पहिल्या महिन्यात ती दर दोन दिवसांनी विचारायची, “पप्पा, पाय कसा ठेवू? कंबर कशी ठेवू?” मी सांगायचो. मग एके दिवशी जेवताना तिनं मोबाईल माझ्या ताटाशी आणला आणि म्हणाली, “पप्पा, हा बघा. याचे पाय बघा.”

मी पाय बघितले. खोटं कशाला बोलू, असे पाय मी आमच्या खोऱ्यात कोणाचे बघितले नव्हते. तो समोरच्याच्या पुढ्यात असायचा आणि ठोसा पोचेपर्यंत तिथं नसायचा. मी म्हटलं, “नाचतोय नुसता. याला माती दाखवली पाहिजे.” ती हसली. त्यानंतर पाय कसा ठेवू हे तिनं मला परत विचारलं नाही.

पुढच्या चार वर्षांत त्या माणसाचं सगळं चरित्र मला पाठ झालं, मनाविरुद्ध. तो एका लहान गावातला. गावात साखर कारखाना, पण त्यांच्याकडे साखर उसाची नसते, बीटाची असते, हे मला त्याच्यामुळे कळलं. आई त्या कारखान्यात, बाप रेल्वेच्या कामावर. लहानपणी त्याची छाती कमजोर होती, थंडीत खोकून खोकून शाळा बुडायची. डॉक्टर म्हणाले, याला पळवा. बापानं पळवायला म्हणून बॉक्सिंगच्या आखाड्यात नेला, आणि तो तिथंच राहिला. मुलांमध्ये पहिला, मग देशात पहिला, मग परदेशात जाऊन पट्टा जिंकला. ते लोक कमरेला सोनेरी पट्टा बांधतात, आपल्याकडे गदा देतात तसा. पट्टा जिंकल्यावर तो कारखान्याच्या फाटकाशी गेला, आईची पाळी सुटेपर्यंत बाहेर थांबला आणि पट्टा तिच्या खांद्यावर टाकला. हा प्रसंग मुलीनं मला निदान दहा वेळा सांगितला. मी प्रत्येक वेळी म्हटलं, “लोकांना दाखवायला केलं असेल.”

आणि तो डावखुरा होता. हे मला सगळ्यात जास्त लागलं. माझी मुलगीही डावखुरी. तिच्या आईकडच्या, सारोळ्याच्या आजीपासून आम्ही सगळ्यांनी तिला “उजव्या हातानं जेव” म्हणून पिडलं होतं, त्यात मी सगळ्यात पुढे. त्या माणसानं कुठल्याशा मुलाखतीत म्हटलं की डावा हात ही देवाची देणगी आहे, समोरच्याला तो कळायला वेळ लागतो. तेवढं ऐकलं आणि पोरीनं त्या दिवसापासून भाकरी डाव्या हातानं मोडायला सुरुवात केली. सोळा वर्षं मी जे चुकीचं म्हणत आलो ते त्यानं एका वाक्यात बरोबर करून टाकलं होतं.

एकदा आरशासमोर वेणी घालता घालता ती म्हणाली, “पप्पा, तुमचे जसे कान ना, तसं त्याचं नाक आहे. मोडलेलं.” तिनं ते कौतुकानं म्हटलं होतं. मी मात्र दिवसभर कचेरीत धुमसत राहिलो. माझ्या कानांना आता उपमाही त्याच्या नाकाची.

मग तिकडे युद्ध लागलं. इथं मला माझ्याविषयी एक वाईट गोष्ट लिहायची आहे. बातम्यांत जळणाऱ्या इमारती दिसत होत्या, मुलगी मोबाईल घेऊन रडत होती, बायको देवापुढे दिवा लावत होती, आणि माझ्या मनात आलं की आता याचं बॉक्सिंग बंद होईल. एका क्षणापुरतंच आलं, पण आलं. आणि बंद झालंही नाही. त्यानं बायकापोरांना सीमेपलीकडे पोचवलं आणि स्वतः परत गेला. सराव करायचा त्या जागेचं छप्पर उडालं होतं, म्हणून एका तळघरात, वीज नसताना, कंदिलाच्या उजेडात पोत्यावर ठोसे मारायचा. त्याची आई गाव सोडायला तयार नव्हती. पुढे त्याला बाहेर जाऊन लढायची परवानगी मिळाली, आणि तो जिंकला, आणि जिंकून परत घरी गेला. आधी तो नुसता जगज्जेता होता. आता वर शूरही झाला. अशा माणसाशी मी कशाच्या जोरावर बरोबरी करणार? मी फार तर निवडणुकीच्या कामावर डोंगरातल्या केंद्रावर दोन रात्री काढल्या होत्या.

बायकोच्या हे लक्षात आलं होतं. ती सारोळ्याची, तोंडानं फटकळ. “तुमी त्याच्यावर जळताय,” ती भाकरी थापता थापता म्हणाली. मी म्हटलं, मी कशाला जळू, त्याचा माझा काय संबंध. “त्येच तर म्हनतीये मी. संबंध न्हाई, गाठ न्हाई, आन तुमी त्याच्या फोटूकडं सवतीगत बगताय.”

मग तो रविवार आला. त्याची मोठी लढत होती, एका उंच, धिप्पाड माणसाशी. तिकडची रात्र म्हणजे आपली सकाळ. मुलीनं मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता आणि गुडघे पोटाशी धरून बसली होती. मी मटण आणायला निघालो होतो, पिशवी हातात, पण पाय दारातच अडकले. चौथ्या की पाचव्या फेरीत त्या धिप्पाड माणसाचा ठोसा बसला आणि आमचा पाहुणा सपशेल उताणा पडला. दोन्ही खांदे खाली. मुलीनं तोंडावर हात घेतला. मला काय झालं कोण जाणे, मी मोठ्यानं म्हणालो, “झालं. चितपट.” आणि निघालो.

त्या दिवशी मी अर्धा किलो जास्त मटण घेतलं. वाटेत दोघांना थांबवून हवापाण्याच्या गप्पा मारल्या. घरी आलो तर मुलगी स्वयंपाकघरात आईला धरून नाचत होती. तो उठला होता. पंच दहापर्यंत आकडे मोजतो, तोवर उठला नाही तर हार; तो घाई न करता पडून राहिला होता, आठाला उठला, आणि शेवटच्या फेरीपर्यंत लढून जिंकला. मटण त्याच्या विजयाचं झालं. बायको म्हणाली, “बरं केलंत जास्त आणलंत.”

जेवताना माझ्यानं राहवलं नाही. मी त्या दिवशी जे बोललो ते शब्दशः आठवतं, कारण पुढे मला ते फार वेळा आठवावं लागलं. मी म्हणालो, “आमच्यात पाठ टेकल्यावर उठून परत लढणं म्हणजे लबाडी. पंचानं दहा काय, शंभर मोजू दे. ज्याची पाठ लागली त्याला आत कळलेलं असतं. खरा गडी असेल तर तो उठतो आणि समोरच्याचा हात वर करतो. त्याला म्हणतात इभ्रत. तुझ्या त्या माणसाला ती नाही.”

मुलगी म्हणाली, “पप्पा, दोन्ही खेळ वेगळे आहेत.” मी म्हणालो, “माणूस एकच असतो.” ती ताट उचलून उठली. मला वाटलं, जिंकलो.

त्यानंतर सहा-सात आठवड्यांनी तिची निवड चाचणी होती. तिथं जिंकली असती तर राज्याच्या संघात गेली असती. त्यासाठी ती चार वर्षं पहाटे उठत होती. किकवीचे सर तिच्या कोपऱ्यात होते, मी लोकांत, लोखंडी खुर्चीवर. पहिली फेरी तिनं घेतली. मी बॉक्सिंगमधलं फार जाणत नाही, पण समोरची मुलगी हैराण झालेली मला दिसत होती. माझ्या पोरीचे पाय त्याच्यासारखे चालत होते, हेही दिसत होतं, आणि त्याही वेळी मला ते बोचलं.

दुसऱ्या फेरीत तिला एक ठोसा लागला. फार जोराचा नव्हता, पाय अडखळला म्हणून ती पडली. पण पडली ती उताणी, दोन्ही खांदे टेकून. पंचानं समोरच्या मुलीला कोपऱ्यात पाठवलं आणि मोजायला सुरुवात केली. तीनवर माझी मुलगी उठली. चेहरा शांत होता. ती चालत त्या कोपऱ्यात गेली, समोरच्या मुलीचा हात धरला आणि वर केला.

मंडपात कोणाला काही कळेना. सर दोरीवर हात आपटून ओरडत होते. ती मुलगीसुद्धा बावचळून पंचाकडे बघत होती. पंचानं माझ्या पोरीला काहीतरी विचारलं, ती नुसती बघत राहिली, आणि त्यानं दोन्ही हात हलवून लढत थांबवली. तिनं स्वतःच हार कबूल केली होती. गच्चीवरच्या गादीवर शेकडो वेळा केलं होतं तेच तिनं केलं होतं, तेवढ्याच सवयीनं, आणि टाळ्या मात्र कोणी वाजवल्या नाहीत.

बाहेर सर संतापले होते. “असं का केलंस? काय डोक्यात आलं?” ती म्हणत होती, “कळलं नाही सर. हातून गेलं.” सर माझ्याकडे वळले. “साहेब, हे सगळं त्या मोबाईलमुळं. तो युक्रेनवाला लढत झाली की समोरच्याला मिठ्या मारतो, हात वर करतो, तेच बघून आलीये ही. त्याचं शेवटचं बघितलं, मधलं न्हाई बघितलं.”

मी उभा होतो. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, “हं. मोबाईल फार बघते.”

एवढंच बोललो. स्कूटरवरून येताना ती मागे बसली होती आणि कापूरहोळपासून भोरपर्यंत एक शब्द बोलली नाही. मला वाटलं होतं की तिला आठवेल, ती म्हणेल, पप्पा हे तर तुमचं. पण एखादी गोष्ट फार लहानपणी अंगात मुरली की ती कुठून आली हे कोणाला आठवतं? तिनं सरांचं खरं मानलं. त्याच आठवड्यात तिनं कपाटावरचं चित्र काढलं आणि पलंगाखाली टाकलं. मी ते तिला न विचारता रद्दीत घातलं.

मला हवं होतं ते सगळं मिळालं. जेवताना त्याचं नाव निघेनासं झालं. पहाटेचं उठणं बंद झालं. मी स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आणून दिली, तीही ती वाचायला बसली. एका संध्याकाळी मी म्हटलं, “चल गच्चीवर, गादी टाकू, गंमत.” ती म्हणाली, “नको पप्पा, कंटाळा आलाय.” बायको हे बघत होती. तिला खरं कुठवर कळलं होतं देव जाणे, पण एक दिवस चहा देताना म्हणाली, “पोरीचं तोंड बगितलंय का? पावना तर गेला. आता कुनावर जळनार?”

भातकापणीच्या दिवसांत मी गावाकडे गेलो होतो. वस्ताद अजून आहेत. दिसतं कमी, पण कानाला तिखट. तालमीच्या ओट्यावर बसले होते. मला मन मोकळं करायचं होतं, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला कोणाकडून तरी ऐकायचं होतं की मी बरोबर होतो. म्हणून मी त्यांना मोबाईलवर ती लढत दाखवली. म्हटलं, बघा वस्ताद, पाठ टेकल्यावर कसा निर्लज्जासारखा उठतो.

मोबाईल हात लांब करून त्यांनी सगळी लढत बघितली. तो पडला, पडून राहिला, उठला, जिंकला.

“परत लाव,” ते म्हणाले. परत लावली.

“कुठला म्हनायचा ह्यो?”

“युक्रेनचा.”

“तिकडं माती अस्ती का?”

“नाही वस्ताद. दोरीच्या आत फळ्या असतात.”

ते बराच वेळ मान हलवत राहिले. “ह्यो गडी माझ्या तालमीत पायजे व्हता,” ते म्हणाले. “पडल्यावर बग कसा पडून ऱ्हायलाय. घाई न्हाई. दम घेतूय. लई मोठा पैलवान हाय.”

मी सात वर्षं त्यांच्या पायाशी काढली. मोठा पैलवान हे शब्द त्यांनी माझ्यासाठी कधी उच्चारले नव्हते. मुलगी त्याच्या बाजूला गेली होती, आता वस्तादही गेले. माझा तोल गेला आणि मी सगळं सांगून टाकलं, चाचणीचं, हात वर करण्याचं. शेवटी म्हणालो, “चुकलं असेल वस्ताद, पण शिकवण तर तुमचीच होती. पाठ टेकली की हात द्यायचा.”

“कोन म्हनलं?”

“तुम्हीच शिकवलं.”

“म्या?” त्यांनी मोबाईल माझ्या हातात ठेवला. “म्या शिकिवलं पाठ टेकू द्यायची न्हाई. हात द्यायचं तुझं तूच काढलंस. तुझा एक खांदा वर असायचा, पंच वाकून बगत असायचा, आन तू आपला उठून मोकळा. चार तरी कुस्त्या तू अशा घालिवल्यास. पंचानं दिल्या नव्हत्या त्या.”

मी म्हणालो, “मग तेव्हाच का नाही बोललात?”

“टाळ्या पडत व्हत्या तुला. टाळ्यांम्होरं वस्तादाचं कोन ऐकतंय? तुला पडलेलं दिसायची लाज वाटायची. लौकर उभं ऱ्हायाचं व्हतं तुला, बास.”

विंझर गेलं, नसरापूर गेलं, महामार्ग आला, स्कूटर आपोआप चालत होती. माझ्या नावाची म्हणून जी एकच गोष्ट होती ती मुळात भित्रेपणा होती. तीच मी पोरीला अंगाखांद्यावर खेळवत शिकवली, आणि जिनं तो भित्रेपणा धुऊन काढला असता ती शिकवण देणाऱ्या माणसावर बोल आला तेव्हा गप्प बसलो. भोरला पोचलो तेव्हा ती टेबलाशी पुस्तक उघडून बसली होती. चप्पल काढायच्या आधी बोललो, नाहीतर बोललो नसतो.

“तो हात वर करणं तू त्याच्याकडून नाही शिकलीस. माझ्याकडून शिकलीस. गच्चीवर. आणि मला हे त्या दिवशी तिथंच माहीत होतं.”

मग तिनं पुस्तक मिटलं.

“सर त्याला बोलत होते तेव्हा तुम्ही माझ्याशेजारी उभे होता.”

“होतो.”

“पलंगाखालचं माझं चित्र कुठंय?”

“रद्दीत घातलं. मीच.”

मला वाटलं होतं ती रडेल, मग मी समजूत काढीन. ती रडली नाही. “पप्पा, इतके महिने मी स्वतःला मूर्ख समजत होते,” ती म्हणाली आणि उठून गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्कूटरची किल्ली घेऊन बाहेर आलो तर ती किकवीला निघून गेली होती, पहिल्या एसटीनं. त्याच्या पुढच्या दिवशीही. सरांना तिनं काय सांगितलं ते मी विचारलं नाही. तीन दिवस घरात माझ्याशी ती गरजेपुरतं बोलली, मीठ हवंय का एवढं. बायकोनंही मध्ये तोंड घातलं नाही, त्यावरून प्रकरण किती वाढलंय ते मला कळलं.

चौथ्या दिवशी कचेरीतून आलो तर गच्चीवर गादी टाकलेली होती. मुलगी तिच्यावर अनवाणी उभी होती.

“पप्पा, मला पाडा.”

“कशाला?”

“पाडा. खरं पाडा, लहानपणीसारखं अलगद नाही. आणि मोठ्यानं मोजा. आठाच्या आधी मी उठले तर परत पाडायचं.”

मी शर्टाच्या बाह्या वर केल्या. गुडघे आता साथ देत नाहीत, पण ढाकेचा डाव लावायला विसरलो नव्हतो. बगलेत हात घातला, कंबर फिरवली, ती गादीवर उताणी आदळली. खालून बायको ओरडली, “गच्ची पाडताय का काय?” मी मोजलं, एक, दोन, आणि ती उठलीसुद्धा, आणि तिचा हात माझ्या हाताकडे आलाच. अर्ध्यावर तिचं तिलाच कळलं. “परत,” ती म्हणाली. दुसऱ्या वेळी तीनवर उठली. तिसऱ्या वेळी चारवर.

चौथ्या वेळी ती पडून राहिली. मी मोजत होतो आणि तिच्याकडे बघत होतो. एक, दोन, तीन. डोळे आभाळाकडे, छाती वरखाली. चार, पाच. तिला उठायचं होतं, बोटं गादीत रुतली होती, पण ती उठली नाही. इतका वेळ मी माझ्या जन्मात मातीवर पडून राहिलो नव्हतो. सहा, सात. सातला तिचा श्वास संथ झाला. आठ म्हणालो आणि ती उठली.

माझा हात आपोआप पुढे गेला. तीस वर्षांची खोड, ती एका संध्याकाळी कुठून जाणार. तिनं तो हात बघितला आणि घेतला नाही. उजवा पाय पुढे टाकला, उजवी मूठ पुढे धरली, डावी हनुवटीशी आणली आणि उभी राहिली, हुबेहूब त्याच्यासारखी. त्या उभं राहण्यात माझं नखभरही काही नव्हतं. मी पुन्हा जळलो, पहिल्या दिवशी जळलो होतो तसाच, तेवढाच. मी पुढे केलेला हात मागे घेतला, वाकलो आणि चुरगळलेली गादी सरळ केली.

“परत पाडा,” ती म्हणाली.